किल्ली मी दिली होती

"सलाम ताई. आम्ही नेवासा तालुक्यातले, पणजोबांपासून ख्रिस्ती मंडळीतले. दीड महिन्यापूर्वी धाकट्या भावाने दारू पिऊन मोटारसायकल काढली आणि रस्त्याकडेने चाललेल्या एका ऊसतोड कामगाराला उडवलं. त्याची मांडी मोडली. गावातल्या चार माणसांनी दहा हजारांत प्रकरण मिटवलं. आता भाऊ बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय काढून म्हणतो, सगळं देवाने आधीच नेमलेलं आहे, माझ्या हातात काय होतं? मला मात्र रात्र रात्र झोप नाही. तो प्यायलाय हे दिसत असताना किल्ली मीच त्याला दिली. दोष देवाचा, त्याचा की माझा?"

सलाम बाळ.

भावाने काढलेला अध्याय अवघडच आहे. देवाने मिसरच्या राजाचं, फारोचं मन कठीण केलं, कुंभार एकाच मातीतून हवं ते भांडं घडवतो, हे सगळं तिथे आहे. पण त्याला तो पहिल्या ओळीपासून वाचायला सांग. आपल्याच लोकांनी ख्रिस्ताला नाकारलं म्हणून हे पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या काळजात अखंड वेदना आहे आणि त्या वेदनेतून तो बोलतोय. दुसऱ्याची मांडी मोडून कोरड्या डोळ्यांनी हा अध्याय पुढे करायचा, हे मला सहन होत नाही.

पूर्वनियोजन, म्हणजे देवाने सगळं आधीच नेमलं आहे ही शिकवण, ज्यांनी सर्वांत घट्ट धरली, त्यांनीही ही पळवाट ठेवलेली नाही. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या वाटेने जाणाऱ्यांनी १६४६ साली इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टर मतांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेचा लेखी जाहीरनामा, पुरा केला. देवाने सर्व काही नेमलं आहे, असं त्याचा तिसरा अध्याय म्हणतो; आणि लगेच म्हणतो की त्यामुळे देव पापाचा कर्ता होत नाही, माणसाच्या इच्छेवर जबरदस्तीही होत नाही. मुंबई-पुण्याला आलेले स्कॉटिश मिशनरी याच शिकवणीत वाढलेले. "माझ्यासारख्याला देव सोडून तर देणार नाही ना?" या भीतीला ही शिकवण उत्तर होती. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला ही शिकवण मुळीच मान्य नव्हती. १७३९ साली त्याने तिच्याविरुद्ध कडक प्रवचन केलं. वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या मिळून १९७० साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) स्थापन झाली, तेव्हा दोन्हीकडचे वारस एका छपराखाली आले. तो जुना वाद आजही मिटलेला नाही. पण ज्याने पाप केलं त्याचंच ते पाप, यावर दोघांचं एकमत आहे.

प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय उघड. येशूचा शिष्य पेत्र एकाच दमात सांगतो की येशूला धरून देणं देवाच्या संकल्पात होतं, आणि त्याला तुम्ही मारलंत. ऐकणारे "मग आमचा काय दोष?" म्हणाले नाहीत. त्यांच्या अंतःकरणाला टोचणी लागली आणि त्यांनी विचारलं, "आता आम्ही काय करावं?"

भावाला या प्रश्नापर्यंत आणायचं आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊनच ते गाव सोडतात आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडतात. मांडी मोडली की अर्धा कोयता बसला. उचल मात्र अंगावर तशीच राहते. दहा हजारांत यातलं काय भरून आलं? त्या माणसाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. हे त्याला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. ते तुम्हीच सांगा, आणि त्यासाठी भावाला पोलिसांपुढे खरं बोलावं लागलं तर बोलू दे. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं.

आता तुझी किल्ली. ती चूक होती, आणि तुझीच होती. नाही म्हणून तुझं खोटं समाधान करणार नाही. पण प्यायलेल्या माणसाला घरात नाही म्हणायला काय लागतं, हे मी पुष्कळ बायकांच्या पत्रांत वाचलंय. त्या रात्री तुझ्या हातात किती बळ होतं, हे देवाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तू किल्लीपुरती कबुली दे. दारू आणि रस्ता त्याचे आहेत. तेही तू डोक्यावर घेतलेस, तर त्याच्याकडे पश्चात्ताप करायला काही उरणारच नाही.

हंगाम संपला की ते लोक गावी परततील. या रविवारी उपासना झाल्यावर, पाळकसाहेबांना सोबत घेऊन, दोघं त्या कामगाराच्या खोपीवर जा. भाऊ आला नाही, तर तू एकटी जा. बायबलमधलं काही बोलू नकोस. किल्ली मी दिली होती, एवढं सांग, आणि उचल किती राहिली आहे ते विचार.