"एवढ्याशासाठी कोण जाईल?"

"कोरोनात आईनं जी भीती घेतली, ती अजून जात नाही. दवाखान्याचं नाव काढलं की टाळते. काय करू?" हा प्रश्न मुलामुलींकडून मला हमखास येतो. भीती असतेच. पण ती सांगायला सोयीची असते, हे मला 2020 मधल्या एका केसने शिकवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

डोंबिवलीच्या ताई, वय 54. फोन केला होता झोप लागत नाही म्हणून. बोलायच्या गच्चीवरून, पाण्याच्या टाकीमागे उभं राहून, कारण वन रूम किचनमध्ये मिस्टर, मुलगा, सासूबाई सगळे दिवसभर घरात. तिसऱ्या फोनला हळूच बाहेर आलं. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मे महिन्यापासून अधूनमधून डाग पडत होते.

मी लगेच माहितीची टकळी सुरू केली. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदा जरी रक्त दिसलं तरी तपासायचं. बहुतेकदा कारण साधंच निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असते. दुखत नाही म्हणून थांबू नका.

"हो, बघते," त्या म्हणाल्या. हे 'बघते' म्हणजे काय, ते प्रत्येक मराठी घराला माहीत आहे.

कारणं तयारच होती. आधी लोकल बंद. मग 21 ऑक्टोबरपासून बायकांना अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर लोकलची मुभा मिळाली, तर "आता दिवाळी तोंडावर आलीय." मिस्टरांचा पगार निम्मा. सासूबाई ऐंशीच्या, "मी बाहेरून काही घेऊन आले तर?" हे शेवटचं मी हसण्यावारी नेलं नाही, त्या दिवसांत ते खरंच होतं.

पण मग विचारलं, "मार्चपासून घरातलं कुणीच दवाखान्यात गेलं नाही का?"

गेलं होतं की! मिस्टरांच्या बीपीसाठी याच गेल्या होत्या, रांगेत उभं राहून. सासूबाईंच्या दाढेसाठी रिक्षा करून दोनदा.

बराच वेळ फोनवर नुसता वारा ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "मॅडम, तपासणीच्या आधी कोरोनाची टेस्ट करतात. पॉझिटिव्ह निघाले आणि उचलून नेलं, तर घरातलं कोण बघेल? आणि हे असलं मिस्टरांना सांगू तरी कसं?"

त्यानंतर मी कर्करोगाचं नावही काढलं नाही. दोन वाक्यं तेवढी फोनवर पुन्हा पुन्हा म्हणून घेतली: "मला अंगावरून रक्त जातंय. मंगळवारी सोनोग्राफीला तुम्ही माझ्याबरोबर चला." 'बायकांचं काहीतरी' असं म्हणायचं नाही, असं बजावलं. दिवस आणि सोबत ठरली, त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार तेही ठरलं. आईला "जाशील ना?" विचारणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगते: आधी तिला एकटीला गाठा, मग नंबर लावा, आणि डबा कुठून येणार ते तुम्ही ठरवा.

अस्तर जाड निघालं, तुकडा तपासला. पॉलिप होता, म्हणजे अस्तरावरची छोटी वाढ, साधी. काढून टाकला.

नंतर त्यांचा फोन आला. "चार दिवस पोळ्या बाहेरून आणल्या. सासूबाई म्हणतात, बऱ्या होत्या."

आवाजात थोडा राग होता.