करिबाच्या काठी सफारी: आधी पाण्याची पातळी, मग तारीख

प्रश्न : दोन शाळकरी मुलांसह आम्ही सहा जण झिम्बाब्वेत करिबा सरोवरावर पाच दिवस राहायचं म्हणतोय. ऑगस्ट बरा की ऑक्टोबर?

महिना ठरवण्याआधी पाणी बघा. करिबा म्हणजे झाम्बेझी नदीवरच्या धरणाचा जलाशय, साठवणक्षमतेत जगातला सर्वांत मोठा. तिथला पाऊस नोव्हेंबर ते मार्चमधला, पण नदीच्या वरच्या खोऱ्यातला पूर सरोवरापर्यंत सावकाश पोचतो. त्यामुळे पाणी साधारण जून-जुलैत सर्वांत वर चढतं आणि वर्ष सरताना तळ गाठतं. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या काठावर पॅनिकम गवत फुटतं. आतलं जंगल वाळलेलं असताना हिरवा चारा तेवढाच उरतो. म्हणूनच सरोवराकाठच्या मातुसादोना राष्ट्रीय उद्यानातले हत्ती आणि रानम्हशी या पट्ट्यात येतात, आणि सिंहही त्यांच्या मागावर असतात.

ऑक्टोबरात प्राणी भरपूर दिसतात, पण पारा चाळिशीला टेकतो. ऑगस्टात वारा सुटतो, लाटा उसळतात आणि छोट्या बोटीतली फेरी रद्द होऊ शकते. मुलं बरोबर असताना सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आम्हाला सर्वांत योग्य वाटतो.

आगाऊ पैसे भरण्याआधी धरणाचं काम पाहणारी झाम्बेझी रिव्हर अथॉरिटी ही संस्था प्रसिद्ध करते ती सरोवराची पातळी पाहा. वीजनिर्मितीसाठीची किमान पातळी समुद्रसपाटीपासून ४७५.५० मीटर आणि कमाल ४८८.५० मीटर आहे. २०२२च्या अखेरीला वापरण्याजोगा साठा पाच टक्क्यांच्याही खाली गेला होता. आकडा खालच्या मर्यादेजवळ असेल, तर बोट सध्या नेमकी कुठे लागते आणि गाडी तिथपर्यंत जाते का, हे मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. नाहीतर सामान उचलून चिखलातून चालावं लागेल.

प्रश्न : हाउसबोट घ्यावी की काठावरचा कॅम्प?

सहा जणांना हाउसबोट सोयीची. कॅप्टन आणि स्वयंपाकी सहसा भाड्यातच असतात. इंधन मात्र बहुधा वेगळं लावतात, आणि खरा खर्च तिथेच फुगतो. लेखी विचारा : इंधन कोणत्या हिशोबाने, सोबतची छोटी बोट किती तास मिळणार, अन्नधान्य कोण आणणार, उद्यानाचं माणशी दररोजचं शुल्क धरलं आहे का. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हेही विचारा. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या अंगातून निसटतं.

धरण भरलं तेव्हा बुडालेली झाडं अजून पाण्यात उभी आहेत. पातळी उतरली की खोडं पृष्ठभागाच्या जेमतेम खाली राहतात आणि बोटीचा पंखा मोडतात. म्हणून अंधार पडण्याआधी बोट काठाला बांधलीच पाहिजे. कॅप्टन लवकर थांबला, तर त्याच्यावर घाई लादू नका.

पायी फिरून प्राणी बघायचे असतील तर कॅम्प घ्या आणि परवानाधारक प्रोफेशनल गाइड मागा. झिम्बाब्वेत हा परवाना दीर्घ उमेदवारी आणि अवघड परीक्षांनंतरच मिळतो. अशा पायी फेरीला मुलांसाठी किमान वय ठरलेलं असतं, तेही आधीच विचारा.

प्रश्न : हरारेहून कसं जावं?

करिबा शहरापर्यंत सुमारे ३६५ किलोमीटरचा रस्ता आहे. माकुटीनंतर वळणांचा घाट लागतो आणि रस्त्यावर हत्ती येतात, म्हणून दिवसाउजेडीच पोचा. पुढे मातुसादोनाला बोटीने जाणंच सोपं. जमिनीवरचा रस्ता फोर-बाय-फोरचा आणि पावसात भरवशाचा नाही. छोट्या विमानाने जाणार असाल तर कडक सूटकेस चालत नाही, मऊ पिशवी लागते आणि वजनाची मर्यादाही कडक असते. अमेरिकी डॉलरच्या लहान, न फाटलेल्या नोटा जवळ ठेवा.

प्रश्न : सरोवरात पोहता येतं का? मलेरियाचं काय?

पोहू नका. मगरी आणि पाणघोडे आहेत. उथळ, शेवाळलेल्या पाण्यातल्या गोगलगायींमुळे बिलहार्झिया हा जंतांचा आजार होतो, त्यासाठी पाय बुडवणंही पुरतं.

झाम्बेझी खोऱ्यात मलेरियाचा धोका वर्षभर असतो. गोळ्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावं लागतं. त्याने त्वचा उन्हाला हळवी होते, आणि पाण्यावर ऊन दुहेरी लागतं. ते आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर डास पळवणारं मलम. परतल्यावर काही महिन्यांनी जरी ताप आला, तरी त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठे गेला होता ते डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : कपडे कोणते?

खाकी किंवा फिकट तपकिरी. गडद निळ्या-काळ्या रंगाकडे त्सेत्से माशी ओढली जाते आणि तिचा चावा झोंबतो. लष्करी नक्षीचे कपडे मुलांसाठीसुद्धा नेऊ नका. झिम्बाब्वेत सामान्य नागरिकांना त्यावर कायद्याने बंदी आहे.