दोन क्लेम आणि दारूची केस झाल्यावर गाडीचा विमा मिळतो का?

धाकट्या भावाच्या गाडीवर वर्षभरात दोन क्लेम झाले, त्यात ड्रंक अँड ड्राइव्हची केस, आता कुणी विमा देईल का आणि केवढ्याला, असं तुम्ही विचारलंत. विमा मिळेल, काळजी करू नका. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या सक्तीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं आणि तो गाडीच्या सीसीवर असतो, चालवणाऱ्यावर नाही. 1000 ते 1500 सीसीच्या खाजगी गाडीला जून 2022 पासून वर्षाला 3,416 रुपये, वर जीएसटी.

फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. क्लेम झाला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शून्यावर येतो. शिवाय कंपनी हप्ता वाढवू शकते, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारा. पण बोनस मात्र खराच सांगा. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते, आणि खोटं निघालं तर ऐन क्लेमच्या वेळी हात वर करते.

माझ्या मेहुण्याचं सांगतो. पार्किंगमध्ये खांबाला घासून बंपर फुटला, सहा हजारांचा. सर्व्हेअर आला, तडा गेलेल्या जागी अंगठा दाबून पाहिला, चार फोटो काढले. प्लास्टिकचा भाग म्हणून निम्मा घसारा (वापराने घटलेली किंमत) कापला, वर प्रत्येक क्लेमला मालकाने सक्तीने सोसायचे हजार. हातात आले दोन हजार. त्याचा ओन डॅमेजचा हप्ता बारा हजारांचा आणि बोनस 50 टक्के होता. पुढच्या वर्षी सहा हजारांची सवलत गेली. मग 20, 25, 35, 45 असं चढत पुन्हा 50 वर यायला आणखी पाच वर्षं. हप्ता तेवढाच धरला तरी एकूण पंधरा हजारांचा फटका. अशी किरकोळ कामं खिशातून करावीत. भावाचे दोन क्लेम कशाचे होते ते मला कळवा.

आता दारूचं, आणि हे नीट वाचा. पिऊन चालवताना अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचा क्लेम नामंजूर होतो. समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला, तर न्यायालय बहुधा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभाही देतं. जीवितहानीच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. म्हणजे राहतं घर पणाला लागू शकतं. गाडी तुमच्या नावावर असेल तर नोटीस तुमच्या दारी येईल, हे भावाला समोर बसवून सांगा.

लायसन्स निलंबित असेल तर तोवर त्याच्या हाती किल्ली देऊच नका. आणि पॉलिसीची तारीख चुकवू नका. मुदत संपली की गाडी पुन्हा तपासणीला दाखवावी लागते, आणि 90 दिवस उलटले तर जमलेला बोनसही जातो.