जालन्यात प्लॉटवर २० फुटी पत्र्याची ऑफिस केबिन ठेवतोय, मीटर ४० मीटर लांब आहे. केबल किती जाडीची टाकू?

६ एमएमची (म्हणजे ६ चौरस मिलिमीटर तारेची) तांब्याची तीन कोर आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल टाका आणि मीटरजवळ २५ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच, बसवा. दीड टनी एसीचे साधारण १७०० वॅट, कॉम्प्युटर-पंखे-दिव्यांचे हजारभर. म्हणजे १२ अँपिअरच्या आसपास. एवढ्या अंतरात ६ एमएममध्ये साडेतीन व्होल्ट पडतात, अडीच एमएममध्ये आठ-नऊ. मे महिन्यात व्होल्टेज आधीच खाली असतं, तेव्हा हेच पाच व्होल्ट कॉम्प्रेसरला नडतात.

पण खरी काळजी अर्थिंगची घ्या. फेज पत्र्याला लागला तर दाराच्या कडीलाच करंट येतो, जीव जाऊ शकतो. केबल आत शिरते तिथे ग्लँड (भोकात केबल घट्ट धरणारी जोडणी) हवीच, नाहीतर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. केबिनच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग द्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) लावा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून अर्थिंगच्या रॉडपासून सुटते, म्हणून त्याच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत राहा.

मात्र मीटर शेतीपंपाचं असेल तर त्यावरून ऑफिस चालवू नका; वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो. महावितरणकडे वेगळ्या जोडणीचा अर्ज करा.