इंजिनाच्या गोष्टी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी कारवाले कमी आणि ट्रकवाले जास्त, म्हणून सगळे प्रश्न मिडियम आणि हेवी ट्रकचेच घेतलेत. सारखे सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: माझ्या कारचं दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन १५० हॉर्सपॉवर देतं. ट्रकचं १३ लिटरचं इंजिन ५०० देतं. हिशोबाने १३०० द्यायला पाहिजे ना? मग एवढं धूड कशाला वागवायचं?

हिशोब बरोबर आहे तुमचा, लिटरमागे कारचे शंभर आणि ट्रकचे चाळीससुद्धा नाहीत. पण ते १५० किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतात ते बघा ना, पाच-साडेपाच हजाराला. हॉर्सपॉवर म्हणजे शेवटी टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम, त्यामुळे इंजिन गरागरा फिरवलं की आकडा आपोआप फुगतो आणि जाहिरातीत छान दिसतो. ट्रकचं हे १३ लिटरवालं हजार आरपीएमच्या आसपासच २५०० न्यूटन मीटर टॉर्क देतं, म्हणजे तिथेच साडेतीनशे हॉर्सपॉवर हातात आले, आणि तुमच्या कारचं इंजिन त्याच हजार आरपीएमला चाळीसपर्यंत पोचलं तरी खूप झालं.

आता खरी गोम. कार हायवेला ऐंशी-नव्वदने जाते तेव्हा इंजिनातले फार तर वीसेक हॉर्सपॉवर खर्च होतात, पूर्ण ताकद लागते ती ओव्हरटेकला, तीही काही सेकंद. ४० टनाचा ट्रक ५ टक्क्यांचा चढ ताशी ४० ने चढतोय म्हणा, तर नुसतं वजन वर ओढायला, टायरची ओढ आणि गिअरमधलं नुकसान धरून साडेतीनशेच्या आसपास हॉर्सपॉवर लागतात आणि ते सेकंदभर नाही, घाट संपेपर्यंत सलग. कारच्या इंजिनाला असं राबवलं तर ते किती दिवस टिकेल तुम्हीच सांगा. म्हणून ट्रकच्या इंजिनात सगळं जाडजूड, क्रँक जाड, बेअरिंग रुंद, पिस्टन बऱ्याचदा स्टीलचे. शिवाय सिलिंडरमध्ये वेगळे लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या बदलता येणाऱ्या नळ्या) बसवलेले असतात ज्यांच्या बाहेरून थेट कूलंट फिरतो, त्यामुळे झिजले की लायनर-पिस्टन बदलायचे आणि ब्लॉक तोच ठेवून पुन्हा पळवायचं, बऱ्याच ट्रकमध्ये तर इंजिन खाली न उतरवता हे काम होतं. दहा लाख किलोमीटर हा आकडा इथे कुणाला नवलाचा वाटत नाही.

आणि हो, जवळपास सगळे एका रांगेत सहा सिलिंडर का ठेवतात असंही एकाने विचारलंय. तर त्या मांडणीत पिस्टनचे धक्के एकमेकांना मारून टाकतात, वेगळा बॅलन्सर शाफ्ट लागत नाही. स्वीडनची स्कॅनिया तेवढी १९६९ पासून व्ही८ला (चार-चार सिलिंडरच्या दोन तिरक्या रांगा) चिकटून आहे, तेव्हा १४ लिटर आणि ३५० हॉर्सपॉवर होते, २०२० मध्ये ७७० वर नेले. गरज किती आणि हौस किती हे विचारू नका, आवाज भारी आहे.

प्रश्न: ट्रकवर नाव एका कंपनीचं आणि इंजिन दुसऱ्याच कंपनीचं, असं का? मग ट्रक नक्की कुणाचा म्हणायचा?

हा माझा आवडता विषय. अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे, गिऱ्हाईक ट्रक मागवतानाच इंजिन कुठलं टाकायचं ते सांगतं. केनवर्थ किंवा पीटरबिल्ट घेतलात तर त्यांची मालक कंपनी पॅकार, तिचं स्वतःचं एमएक्स-१३ घ्या नाहीतर कमिन्सचं एक्स१५ घ्या. कमिन्स १९१९ पासून आहे आणि स्वतःच्या नावाचा ट्रक विकत नाही, इंजिनं विकते, त्यामुळे एकमेकांशी भांडणाऱ्या ट्रक कंपन्या एकाच दुकानातून इंजिन आणतात. टाटाचंही कमिन्सबरोबर १९९३ पासून जॉइंट व्हेंचर आहे. कॅटरपिलरसुद्धा या धंद्यात मोठी होती, पण २०१० चे धुराचे नियम समोर दिसायला लागले तेव्हा २००८ मध्येच तिने रस्त्यावरच्या ट्रकची इंजिनं बंद करायचं जाहीर केलं. युरोपात मात्र उलट, व्होल्वो, स्कॅनिया, मर्सिडीज, डाफ सगळे हेवी ट्रकमध्ये इंजिन घरचंच टाकतात.

पण 'घरचं' म्हणजे काय हेही आता गमतीचंच झालंय. पॅकारचं एमएक्स मुळात डाफचं, कारण पॅकारने १९९६ मध्ये डाफच विकत घेतली. स्कॅनिया, मान आणि इंटरनॅशनल हे तिघं आता ट्रॅटन या एकाच ग्रुपमध्ये आहेत आणि तिघांचं नवं १३ लिटरचं इंजिन एकाच डिझाइनवरून निघालंय. मॅक २००१ पासून व्होल्वोकडे. फ्रेटलाइनर, मर्सिडीज, भारतबेंझ हे सगळे डायमलर ट्रकचे. व्होल्वोची कार असणाऱ्यांनी मात्र उगाच मिशीला पीळ देऊ नये, कार कंपनी १९९९ मध्येच फोर्डला विकली गेली आणि २०१० पासून ती चीनच्या गीलीकडे आहे, ट्रकवाल्यांशी तिचा संबंध नावापुरता.

माझं मत विचाराल तर लोगो बघून ट्रक घेऊ नका, इंजिनाची प्लेट वाचा आणि तुमच्या रूटवर त्या इंजिनाचे पार्ट आणि त्याला हात लावणारा माणूस मिळतो का ते बघा.

प्रश्न: डीईएफ संपलं तर थोडं पाणी टाकून गाडी घरापर्यंत आणता येते का?

नाही. डीईएफ म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते, ३२.५ टक्के यूरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. गरम सायलेन्सरमध्ये त्याचा अमोनिया होतो आणि तो धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं साधं नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. पाणी घातलं की हे होत नाही, पुढचा सेन्सर लगेच ओळखतो आणि कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कापतो. वर नळाच्या पाण्यातले क्षार कॅटॅलिस्टवर (ही क्रिया जिथे होते त्या भागावर) बसतात ते वेगळंच. डिझेलच्या साधारण ५ टक्के डीईएफ लागतं, तेवढा हिशोब ठेवा. आणि चुकून डीईएफच्या टाकीत डिझेल पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी आधी रिकामी करा, कारण एकदा पंपातून आत गेलं की सील फुगतात.

प्रश्न: आमचा मिडियम ट्रक शहरातच फिरतो, डीपीएफचा दिवा सारखा लागतो. फिल्टर खराब आहे का?

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. बहुतेक तो ठीक असणार, तुमचं काम त्याच्या सोयीचं नाही एवढंच. काजळी जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो आणि दोन-दोन किलोमीटरला गाडी बंद केली की तो तापतच नाही. रीजन (साठलेली काजळी जाळायचं काम) चालू झाल्याचं दिसलं तर इंजिन बंद करू नका, पूर्ण होऊ द्या. मध्येमध्ये लोड घेऊन लांब पल्ला मारता आला तर उत्तमच. तासन्‌तास आयडलिंग (गाडी उभी ठेवून इंजिन चालू) मात्र नको, त्याने काजळी वाढतेच.

प्रश्न: उतारावर इंजिन ब्रेक लावला की तो फडफड आवाज कसला येतो? इंजिन खराब होतं का त्याने?

होत नाही, तो त्याच कामासाठी असतो. सायकलचा पंप दाबायला जोर लागतो ना, तसाच पिस्टनला हवा दाबायला लागतो आणि तो जोर चाकांकडून येतो. पण दाबलेली हवा पिस्टनला परत खाली ढकलून तो जोर परत देते, म्हणून हवा पूर्ण दाबली गेली की नेमक्या त्या क्षणाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून ती सोडून देतात. आवाज त्याचाच. ही आयडिया कमिन्स कंपनी काढणाऱ्या क्लेसी कमिन्सची. १९३१ मध्ये डिझेल ट्रक घेऊन अमेरिका आडवी पार करताना कॅलिफोर्नियातल्या कहोन पासच्या उतारावर त्याच्या ट्रकचे ब्रेक गेले आणि खाली रेल्वे फाटकावर मालगाडीपासून तो थोडक्यात वाचला. पुढे रिटायर झाल्यावर त्याने हा ब्रेक शोधला आणि जेकब्ज कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणला, म्हणून त्याला जेक ब्रेक म्हणतात.

यालाच जोडून एकाने विचारलंय की उतारावर न्यूट्रल केलं तर डिझेल वाचतं का. उलट आहे. गिअरमध्ये पाय काढला की आताची इंजिनं डिझेल पूर्ण बंद करतात, इंजिन चाकांवरच फिरत राहतं, आणि न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला डिझेल लागतंच. शिवाय इंजिन ब्रेकही गेला, सगळं वजन चाकांच्या ब्रेकवर, आणि ते एकदा तापले की पायाखाली पेडल असून नसल्यासारखं.