मालवणचे मासे पुण्यापर्यंत, आणि कालचा भात

प्रश्न : मे महिन्यात मालवणहून पुण्याला गाडीने येताना सुरमई, बंगडे आणि कोळंबी मिळून ५ किलो मासळी आणतो. थर्माकोलच्या खोक्यात वर-खाली बर्फ घालतो. तरी या वेळी बंगडे खाल्ल्यावर तासाभरात घरातल्या दोघांचे चेहरे लाल झाले, अंगाला खाज सुटली. वास येत नव्हता, तिखलंही खळखळून उकळलं होतं. चुकलं कुठे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लक्षणं हिस्टामिनच्या विषबाधेची वाटतात, पण निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या. बऱ्याचदा ही ‘माशाची अ‍ॅलर्जी’ समजली जाते. बंगडा, सुरमई, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मेलेला मासा गार ठेवला नाही तर कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. वास सुटण्याच्या आधीच ते साठलेलं असू शकतं, आणि एकदा झालं की उकळून, तळून किंवा गोठवून जात नाही. म्हणून तिखलं कितीही उकळलं तरी उपयोग झाला नसता.

चूक बहुधा ‘वर-खाली’ या शब्दांतच आहे. वर आणि खाली बर्फ असला तरी मधले मासे एकमेकांना चिकटून तासन्‌तास कोमट राहतात. बर्फ प्रत्येक माशाला लागला पाहिजे.

मासे घेताना कल्ले लाल, पोट घट्ट आणि अंग ताठ आहे ना, ते बघा. उन्हात पाटीत पडून राहिलेला बंगडा घेऊच नका, नंतर घातलेला बर्फ झालेलं नुकसान भरून काढत नाही. कल्ले आणि आतडी तिथेच काढून घ्या, पोट आतून धुवा आणि पोकळीत बर्फाचा चुरा भरा. तुकड्या मात्र घरी आल्यावरच करा. कापलेल्या मांसाला जिवाणू लवकर लागतात आणि वितळलेल्या पाण्यात चवही निघून जाते.

बर्फ किती? मासळीच्या वजनाइतका, आणि मे महिन्यात दीडपट. ५ किलो मासळी ३० अंशांवरून ० वर आणण्यातच दीड ते दोन किलो बर्फ वितळतो. उरलेला बर्फ वाटेतले आठ-नऊ तास खोक्याच्या भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेला पुरला पाहिजे. लादीचे मोठे तुकडे टाकू नका. गोणपाटात गुंडाळून फोडा, सुपारीएवढे खडे झाले की ते माशाला सगळीकडून लागतात. तळाला दोन इंच बर्फ, त्यावर माशांचा एकच थर, पुन्हा बर्फ, असं रचत जा आणि सगळ्यात वर तीन इंच बर्फ ठेवा. जेल पॅकवर विसंबू नका. ते गार वस्तू गार ठेवतात, कोमट मासा पटकन थंड करायला त्यांचा स्पर्श अपुरा पडतो.

खोक्याच्या तळाशी कोपऱ्यात बोटभर भोक पाडून बूच लावा आणि दोन-तीन तासांनी पाणी काढून टाका. त्या पाण्यात रक्त, चिकटा आणि जिवाणू असतात, मासे त्यात बुडून राहता कामा नयेत. कोळंबीची डोकी काळी पडतात ती हवा लागून. कोळंबी खराबच झाली असा त्याचा अर्थ नाही, पण बर्फ कमी पडल्याची ती खूण आहे. डोकी काढून, वेगळ्या पिशवीत पातळ पसरून बर्फात पुरा. बर्फ निळसर असेल तर तो खाण्याचा नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे. तो माशाला थेट लावू नका.

खोका बंद डिकीत नको, एसीच्या हवेत ठेवा. घरी उघडताना बर्फ शिल्लक असला पाहिजे. सगळं पाणी झालेलं असेल आणि बंगडे हाताला गार लागत नसतील, तर जीव कितीही तुटला तरी ते टाकून द्या.

प्रश्न : रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवते आणि सकाळी फोडणीचा भात करते. फ्रिजमध्ये भात कडक होतो. आजवर काही झालं नाही, मग सून का घाबरवते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सूनबाईंचं म्हणणं खरं आहे. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजला तरी मरत नाहीत. कोमट, ओलसर, झाकलेल्या पातेल्यात ते रातोरात वाढतात आणि विष तयार करतात. हे विष फोडणीने, वाफेने किंवा मायक्रोवेव्हने जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात. दर वेळी होत नाहीत, कारण बीजाणू किती होते आणि रात्र किती उकाड्याची होती यावर सगळं अवलंबून असतं. उन्हाळ्यात धोका जास्त.

जेवणं झाली की उरलेला भात लगेच परातीत इंचभर जाडीचा पसरा, वर जाळी ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटं पंख्याखाली राहू द्या. वाफ गेली की पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. पूर्ण गार होण्याची वाट बघू नका. शिजल्यापासून फ्रिजमध्ये जाईपर्यंत दोन तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. कडकपणाची चिंता नको. त्यातला स्टार्च घट्ट होतो म्हणून तसं वाटतं. फोडणीत घातल्यावर पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं झाकण ठेवलं की भात पुन्हा मऊ होतो, आणि फ्रिजमधला भात फोडणीला मोकळाही छान होतो. दुसऱ्या दिवशीच संपवा.

प्रश्न : घरच्या कार्याला ५० माणसांचा मटणाचा रस्सा आदल्या रात्री करून ठेवला तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : शक्यतो त्याच दिवशी करा. भरलेलं मोठं पातेलं रात्रभर मधे कोमटच राहतं. तिथे हवाही पोचत नाही आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूला तेच हवं असतं. दुसरा इलाज नसेल तर रस्सा चार इंचांपेक्षा खोल राहणार नाही अशा पसरट भांड्यांत वाटून घ्या, भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. दोन तासांत तो साधारण २० अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांच्या खाली आला पाहिजे. एवढी जागा घरच्या फ्रिजमध्ये नसते, म्हणून आधी वाटण आणि मसाला तयार ठेवा आणि मटण सकाळी शिजवा. वाढताना पंगत लांबली तर मंद आचेवर ६० अंशांच्या वर ठेवा, म्हणजे वाफ दिसत राहिली पाहिजे.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे रात्र-रात्र वीज नसते. फ्रिजमधलं काय ठेवायचं, काय टाकायचं? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४. म्हणून फ्रीजरमधली रिकामी जागा पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून ठेवा. एका वाटीत पाणी गोठवून वर रुपया ठेवा. वीज आल्यावर रुपया बर्फात खाली गेलेला दिसला तर मधल्या वेळात फ्रीजर वितळून पुन्हा गोठला, हे कळतं. मग मासे आणि मटण वापरू नका. मांसात अजून बर्फाचे कण असतील तर ते पुन्हा गोठवता येतं, चव थोडी उतरते इतकंच. चार तासांहून जास्त वेळ वीज नसेल तर दूध, शिजवलेली डाळ, उसळ आणि ओल्या नारळाचं वाटण टाका. लोणचं, तूप, लोणी आणि अख्ख्या भाज्यांना काही होत नाही.