कौलारू छताला आतून अस्तर लावण्याआधी
सीलिंगची घाई करू नका. एक पावसाळा जाऊ द्या. कुठलं कौल गळतं, कुठल्या वाशाला वाळवी लागलीय, हे छत उघडं असतानाच कळतं.

अस्तरासाठी फॉइलचं चकचकीत शीट घेतलंत तर ते कौलांना चिकटवू नका, हे मी कळकळीनं सांगतो. चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा असेल तरच ते उष्णता अडवतं. कौलं आणि शीट यांच्यात निदान 25 मिलिमीटर पोकळी हवी. ती वळचणीला आणि आढ्यापाशी उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. तोंडांना बारीक जाळी मारा, नाहीतर उंदीर शिरतात.

ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर, कोकणातल्या घरात मी तरी घालणार नाही. भिजलं की दबतं आणि वासे ओले राहतात. उघडा थर्माकोल अजिबात नको, लगेच पेट घेतो.